पोह्यांपायी हुकलेलं धुकं

आई, थायलंडहून येऊन महिना होत आला आणि मी अजून धुमसतोच आहे. इथे लंडनच्या हॅरोमध्ये हे कुणाला सांगायची सोय नाही. सुट्टीवरून आलेल्या माणसानं कुरकुर केली की लोक म्हणतात, ह्याला सुख बोचतंय. म्हणून तुला लिहितोय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तू तरी मध्येच 'ते राहू दे, जेवलास का' म्हणणार नाहीस.

तू यात्रा कंपनीबरोबर स्वयंपाकाला जायचीस. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा देश पालथा घातलास. परत आलीस की मी तुझ्या पिशवीभोवती घुटमळत विचारायचो, काय काय पाहिलंस? तू पदरानं मान पुसत म्हणायचीस, "तिकडे डाळ लवकर शिजत नाही रे." एका गावचं पाणी जड, दुसऱ्या गावची लाकडं ओली, एवढंच तुझं प्रवासवर्णन. मंडळी पॉइंट बघायला निघायची तेव्हा तू दुपारच्या भाज्या चिरत असायचीस. मला भयंकर राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही.

तुझ्या सुनेचं असं होऊ द्यायचं नव्हतं. ऑफिसांतली फोटोकॉपी मशीन दुरुस्त करत मी धंदा उभा केला. ब्रॅकनेल ते क्रॉयडन मी व्हॅन पळवत होतो, तेव्हा फोन, बिलं, मुलं सगळं तिच्या अंगावर होतं. एकदा ती इस्त्री करत असताना टीव्हीवर थायलंडचा मे हाँग सॉन प्रांत दाखवत होते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरचे डोंगर, पाइनच्या झाडांत एक तळं, आणि पहाटे त्या पाण्यातून वर येणारं धुकं. तिनं इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, "हे एकदा बघायला हवं." तिनं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

जायचं दोघांनीच होतं. पण गणपतीला मंडळात माझ्याच तोंडून निघालं आणि मित्रांची दोन जोडपी चिकटली. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तिकडे खायचं काय?" झालं. बॅगेत कुकर गेला, पोहे गेले, गोडा मसाला गेला. विमानतळावर सिक्युरिटीवाल्यानं कुकर उलटासुलटा करून पाहिला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पहिल्या दिवशी टेकडीवरचं देऊळ पाहिलं. पांढरे स्तूप, खाली गाव, गावाच्या मध्ये छोटं तळं. छान गेला दिवस. संध्याकाळी जेवणात माशांचा वास आला आणि आमच्या अकाउंटंट मित्रानं वाटी सरकवली. "वहिनी, उद्या तुमच्या हातचे पोहे झाले ना, की ट्रिप वसूल." गेस्ट हाऊसची मालकीण बिचारी चांगली, तिनं स्वयंपाकघर उघडून दिलं. दुसऱ्या दिवशी आम्हांला अंधारातच निघून ते तळं गाठायचं होतं. ड्रायव्हर गाडी सुरू करून उभा. आत फोडणी तडतडतेय. मी दारात येरझारा घालतोय. ती म्हणते, "अहो, उपाशी कसे निघतील सगळे?" मित्र म्हणतो, "लिंबू आहे का हो, वहिनी?"

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धुक्याचा मागमूस नाही. तरुण पोरं तंबू गुंडाळत होती. मित्र कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हे तर आपल्या वेण्णा लेकसारखंच." ती पाण्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि गाडीत जाऊन बसली.

मग तिथल्या मोठ्या गुहेचा दिवस. गुहेतून वाहणाऱ्या नदीवर बांबूच्या तराफ्यावरून आत जायचं, पुढे कंदील घेतलेली वाटाडी बाई, आणि संध्याकाळी हजारो पाकोळ्या, ती चिमुकली पाखरं, गुहेत परततात. ती खिचडीसाठी मागे राहिली होती. पाकोळ्या आल्या तेव्हा आवाज असा झाला की जणू पाऊस आडवा वाहतोय. मी वळून तिला सांगायला गेलो, तर शेजारी मित्र. "खिचडीबरोबर कढी असेल ना रे?"

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "उद्या शेवटची पहाट. परत तळ्यावर जायचंय. पोहे मिळणार नाहीत."

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. मग मित्र म्हणाला, "मग उपमा?"

सगळे हसले. तीही हसली. मी नाही हसलो. खोलीत गेल्यावर म्हणालो, "मी तुला इथे राबायला आणलं नव्हतं."

"माहीत आहे मला. पण तुमच्या मित्राच्या बायकोला शुगरची गोळी घेतल्यावर लगेच खावं लागतं. तिला काय देऊ?"

"बिस्किटं."

"अहो, बिस्किटं देतात का शुगरवाल्यांना?"

आई, पहाटे उपमाच झाला. तळ्यावर पुन्हा ऊनच होतं. दुपारी विमान.

गेल्या रविवारी इथे घरी चहाला पाहुणे होते. मी बाहेरच्या खोलीत, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. स्वयंपाकघरात कुणीतरी तिला ट्रिपबद्दल विचारलं. ती कप विसळत सांगत होती, "पहाटे गेलो आम्ही तळ्यावर. इतकं धुकं, की बदकं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची." तिचा आवाज सहज होता, जराही अडखळली नाही. मग तिथूनच मला हाक मारली, "हो ना हो?"

मला चिडायचं होतं. तिच्यावर, त्या मित्रावर, उपाशी कसे निघतील म्हणणाऱ्या सगळ्या बायकांवर, तुझ्यावर सुद्धा. मी म्हणालो, "हो. आणि थंडी किती होती."

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते इथेच राहील. पण एवढं कबूल करतो, ती बोलत होती तेव्हा बदकं मलाही ऐकू आली.