नदावला मी वैद्य केला त्याची हकिकत

येरुहाम, इस्राएल,
पुरीमच्या सणानंतरचा मंगळवार, सन २००७

चिरंजीव जॉशुआ यास रोझआत्याचा शालोम आणि पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सर्व बरे आहोत (सर्व म्हणजे मी एकटीच, पण तुझे बारूखकाका होते तेव्हापासून पत्रात असंच लिहायची सवय आहे). ठाण्यात तुझी कंबर कशी आहे? दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून दुखते असं तू म्हणायचास, तेव्हा मला नाटकं वाटायची. आता माझीही दुखते, आणि कारणही तेच आहे.

दोन वर्षांमागे तू इथे आलास आणि माझ्या नातवाला, नदावला, तो फुकटचा खेळ लावून गेलास. जगभरचे लोक त्यात जमून राक्षस मारतात (का मारतात ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, राक्षस बिचारे आपापल्या रानात उभे असतात). नदाव आता सैन्यात आहे. पंधरवड्याने शनिवारच्या शब्बाथला घरी येतो, तोही निम्मा वेळ झोपून काढतो. त्याच्या टोळीचा नियम असा की जो बरेच दिवस दिसला नाही त्याचं नाव कापायचं. म्हणून मला शिकवून गेला, "साव्ता (इथली मुलं आजीला असंच म्हणतात), रोज मला आत न्यायचं, चौकात उभं करायचं आणि कशालाही हात लावायचा नाही."

मी रोज त्याला चौकात उभा करून शेजारी भाजी निवडत बसायची. पण टोळीचा म्होरक्या, कोणी ब्राझीलचा आहे, इंग्रजीत सारखा लिहायचा, नदाव, पुढे ये. बोलावणं आलं की जायला नको? गेले. योद्धा म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारा, हे मला काय ठाऊक! एका प्रचंड जनावराने (आणि तेही डुकराने!) त्याला तुडवून आडवा केला, आणि डोक्यावर ठळक अक्षरांत नाव लिहिलेलं, नदाव. जॉशुआ, मी उठले आणि कॉम्प्युटरवर पोळ्यांचं फडकं टाकलं. मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्याला गावात हिंडवताना एका दालनात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे गृहस्थ भेटले. आपल्या घरोघरी भिंतीवर एलियाहू हन्नावीची तसबीर असते ना, रथात बसून वर स्वर्गात निघालेले? हुबेहूब तो चेहरा. त्यांनी विचारलं, तुला काय व्हायचंय? योद्धा, चोर, तिरंदाज, वैद्य (चोरसुद्धा उघड उघड, लाज ना शरम). असा चेहरा आपणहून विचारतोय म्हटल्यावर नको म्हणणं मला बरं दिसेना. मी वैद्यावर बोट ठेवलं. वैद्य मागे उभा असतो, हे मी पाहून ठेवलं होतं.

झालं! चिलखत, ढाल, टोप, सगळं अंगावरून उतरलं. वैद्याला ते चालत नाही म्हणे. पोरगा भर गावात नुसत्या चड्डीवर, आणि पन्नासाव्या पायरीवरून थेट पहिलीवर. मी डोक्याला हात लावून बसले. मला तुझे काका आठवले. मुंबईत टाय लावून ऑफिसात जायचे. इथे उतरले आणि त्याच आठवड्यात हातात फावडं आलं. चाळिशीत पहिली पायरी. काय व्हायचंय हे त्यांना कोणी विचारलंदेखील नव्हतं. पुन्हा काही ते कारकून झाले नाहीत. म्हणून धास्ती वाटते, पोराची सगळी मेहनत मी मातीत घातली की काय.

गंमत अशी की टोळी खूश आहे. मी मागे उभी राहून ज्याला लागेल त्याला बरं करते आणि वर विचारते, जेवलास का? (शाळेतलं इंग्रजी शेवटी कामाला आलं.) ब्राझीलवाला आता जेवल्याशिवाय लढाईला येत नाही. पण नदाव पुढच्या शब्बाथला घरी येईल तेव्हा आपला योद्धा मागेल, त्याला मी काय तोंड दाखवू? टोळीत कोणी म्हणतं, केव्हाही बदलता येतं, एक पैसा पडत नाही, जुनी पायरी राखून ठेवलेली असते. कोणी म्हणतं, छे. मला काही समजेनासं झालंय. माणूस सकाळी एक, दुपारी दुसरा, आणि आधीचं काहीच वाया जात नाही, असं जगात कुठे असतं का रे? तू जाणता आहेस. सगळं उलगडून लिही.

सूनबाईला शालोम, धाकटीचा पापा.

तुझी आत्या,
रोझ

ता. क. पाकीट बंद करण्याआधी त्या म्हाताऱ्यांकडे पुन्हा जाऊन आले. योद्ध्यावर बोट ठेवलं, तर पन्नासावी पायरी जशीच्या तशी, चिलखतही पेटीत सुखरूप! थोडा वेळ बघितला, रुबाबदार दिसतो. मग परत वैद्य करून टाकला. तेव्हा उलगडून लिहायची तसदी घेऊ नकोस.

आणखी ता. क. नदाव तुला फोन करील, कारण यातलं फक्त जॉशुआमामाला कळतं असं मीच त्याला सांगितलंय. तू सांग की एकदा वैद्य झाला की सैन्यातून सुटेपर्यंत योद्धा होता येत नाही. नवस फिटेपर्यंत मला खोटं बोलायची चोरी आहे. तो धडधाकट परत येऊ दे म्हणून मलिद्याचा नवस बोलले आहे.

शेवटचं. त्याच्या छावणीतही मी फोन केला होता, याला औषधपाण्याच्या माणसांत बदलून घ्याल का म्हणून. पलीकडची मुलगी गोड होती, हसली नाही. म्हणाली, "साव्ता, आमच्याकडचे वैद्य सगळ्यांच्या पुढे धावतात." म्हणून जॉशुआ, निदान तुझ्या खेळात तरी त्याला मागे उभा राहू दे.