नंबर कुणाच्या नावावर?

५ फेब्रुवारी, सोमवार

फुटलं! माझ्याकडून फुटलं!

सगळी हयात इजिप्तमधल्या या दुम्यात गावच्या बायकांची बाळंतपणं करण्यात गेली. कुणाच्या पोटातलं कधी माझ्या ओठांवर आलं नाही. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण दवाखान्यात जे विचारता येत नाही ते अजून मलाच विचारतात. पूर्वी मागच्या दारानं यायच्या, आता फोनवर.

आज भट्टीवर भाकरी घ्यायला गेले तर एकीनं माझ्याकडे पाठ फिरवली. इथं तिला बसीमा म्हणते. खरं नाव वहीलासुद्धा सांगणार नाही, मग भले वही पिठाच्या डब्यात का असेना! पुरुषमाणूस तिथं हात घालत नाही.

बसीमाला तीन लेकरं. चौथं एवढ्यात नको. डॉक्टरणीकडे जावं तर सासू बरोबर. म्हणून तिनं मला त्या हिरव्या ॲपवर विचारलं, गोळ्या घेऊ का? मी बोलून उत्तर धाडलं. काल नवऱ्यानं तिला तेच उत्तर शब्दन्‌शब्द ऐकवलं आणि तिचा फोन काढून घेतला.

"खाला, तुमच्यावर विश्वास टाकला होता," एवढंच म्हणाली.

भाकरी तशीच घरी आणली. घशाखाली उतरली नाही.

६ फेब्रुवारी

अफकार आली. शेजारीण, मैत्रीण, आणि माझी रोजची डोकेदुखी. सरकारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वायरी जोडता जोडता म्हातारी झाली.

मी म्हटलं, "हे ॲपच फितूर आहे. दुसरं शोधू."

"आमच्या वेळी तार कधी फितूर नसायची गं बाई. फितूर आम्ही असायचो! गावातलं सगळं ऐकायचो."

"तू पण?"

"मी? मी तर लिंबाचं सरबत घेऊन बसायचे! माझं ऐक. तार चांगली की वाईट ते मागाहून. आधी बघ, तारेवर तिसरं कोण बसलंय."

दोघींनी चष्मे चढवले. फोनच्या पोटात हात घालून घालून शोधलं. एका पानावर होतं — जोडलेली उपकरणं. खाली एकच नाव. एक कॉम्प्युटर.

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. माझ्या लेकाच्या, ताहेरच्या फर्निचरच्या कारखान्यात आहे. फोन ईदला त्यानंच आणला, त्यानंच चालू करून दिला. मी कौतुकानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. आणि बसीमाचा नवरा कुठे पॉलिश मारतो? त्याच कारखान्यात.

माझा पोटचा पोर!

मी त्या नावावर बोट ठेवलं आणि उडवून टाकलं.

७ फेब्रुवारी

सकाळी ताहेर वरच्या मजल्यावरून न्याहारीला खाली आला. उकडलेल्या वालाचा पहिला घास घेतला आणि म्हणाला, "अम्मा, फोन बिघडलाय का गं तुझा?"

चोराच्या मनात चांदणं!

"बिघडला हे तुला कसं कळलं रे?"

मग सुरू झाला — काळजीपोटी बघतो, जग वाईट आहे, म्हाताऱ्या माणसांना फसवतात.

"आणि बसीमा? तिची पण काळजीच का?"

"नवऱ्याला कळायला नको?"

"नको! विचारलं मला होतं. तुला नाही, त्याला नाही."

"नंबर माझ्या नावावर आहे, अम्मा. उद्या बंद करीन."

"आज कर. उद्यापर्यंत कशाला थांबतोस?"

सून चहा ओतत होती. सफिनाझ. खाली मान घालून पुटपुटली, "अम्मा, त्यांचं ऐका ना. घरात कशाला..." मला त्याच्याहून तिचा राग आला. मेणाची बाहुली नुसती!

८ फेब्रुवारी

केला बंद.

आपलीच मोरी अन्‌ मुतायची चोरी. किती दिवस हेच चाललं होतं, मला पत्ता नव्हता.

१० फेब्रुवारी, शनिवार

अफकारला घेऊन फोन कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा मुलगा गोड बोलला. गोड बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

"हाज्जा, मुलाला घेऊन या. त्यांना समजेल सगळं."

"मुलाला समजतं म्हणूनच मी आले."

"नंबर कुणाच्या नावावर घ्यायचा?"

ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "यावर थोबाड कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग नाव पण तिचंच लाव. आणि घरी जाऊन आजीला विचार, तुझी आई कुणाच्या हातावर जन्मली."

मागची रांग हसली. अफकार तर भिंतीला टेकली. पोरगं लाल झालं, पण सिम दिलं. माझ्या नावाचं! नवरा गेल्यावर घर माझ्या नावावर झालं नाही, वीज झाली नाही. हा नंबर झाला.

११ फेब्रुवारी

आता ॲप. दोन म्हाताऱ्या, एक फोन, आणि नवरीकडची माणसं सोयरीक बघतात तशी चौकशी!

हिरवं — निरोपाला कुलूप आहे, अफकार म्हणते कुलूप वाईट नाही. पण लिहिणारीचा नंबर मला दिसतो, माझा तिला दिसतो. माझा फोन कुणाच्या हाती पडला की सगळ्यांची माळच ओढली जाईल.

कागदी विमानाचं — अफकारचा भाचा त्याची फार वाखाणणी करतो. वाचून बघितलं. साध्या गप्पांना पक्कं कुलूप नाहीच, कुलूपवाली खोली वेगळी उघडावी लागते. घाबरलेली बाई आधी खोली शोधील की प्रश्न विचारील?

निळं — तेही नंबर मागतं, पण तो पदराखाली झाकता येतो. आपल्या आवडीचं नाव घ्यायचं, तेवढंच दुसऱ्याला दिसतं. निरोप ठरल्या वेळी आपोआप पुसला जातो. आणि वर आपला गुप्त आकडा घालून ठेवायचा, म्हणजे नंबर हाती आला तरी खातं दुसऱ्याला उघडत नाही. हेच! पसंत आहे मुलगा!

नाव मी 'चाळण' घेतलं. पुढे दोन आकडे लागतात, सत्तर घातले.

"चाळण? अगं, गुपितं ठेवायला चाळण? सगळं गळेल की!"

"सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवतो, ते गळतं का तिच्यातून?"

तेव्हा कुठे तिला नाव पटलं. शिवाय निरोप पुसले तरी समोरची बाई आधी फोटो काढून ठेवू शकते, हेही तिनंच सांगितलं. म्हणजे माणसाला कुलूप नाही. ते मला बाळंतिणींनी कधीच शिकवलंय.

१३ फेब्रुवारी

पण हे नाव बायकांना सांगू कसं? भट्टीवर सांगितलं तर दुपारपर्यंत कारखान्यात. दारोदार फिरले तर ताहेर विचारणार.

विचार करतेय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

झालं!

गल्लीत एका बाळाची सातवी होती. पुरुष बाहेर, आत फक्त बायका आणि कानठळ्या बसवणारा गलका. बाळाला चाळणीत ठेवलं. मी पितळी खलबत्ता घेतला आणि त्याच्या कानाशी वाजवायला बसले. सातवीला बाळाला आज्ञा देण्याचा मान दाईचा, म्हणजे अजून माझाच आहे.

"आईचं ऐक!" ठण्ण. "बापाचं ऐकू नको!" ठण्ण. बायका नेहमीसारख्या हसल्या.

मग मी तोच सूर धरून पुढे म्हटलं, "दाईचं घर बदललं!" ठण्ण. "निळ्या दारात ये!" ठण्ण. "चाळण नाव, सत्तर आकडा!" ठण्ण, ठण्ण. "नंबर देऊ नको, नाव सांगू नको!"

हसणं थांबलं. मग अफकारनं असा हेल काढून आरोळी ठोकली की सगळ्या तिच्यामागे ओरडल्या, आणि मी तेच पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा. मेणबत्त्या घेऊन फिरताना एकीचे ओठ हलत होते — चाळण, सत्तर, चाळण, सत्तर. सफिनाझ सगळ्यांच्या मागून, दृष्ट लागू नये म्हणून मीठ उधळत होती, नजर जमिनीला. ही जाऊन सांगेल, असं वाटलं. सांगू दे! विचारलं तर म्हणेन, बाळाला आज्ञा दिल्या.

बाळ शांत झोपलेलं. शहाणं आहे.

२५ फेब्रुवारी

फोनवर रांग लागलीय! एक 'कोबी' आहे, एक 'लाल मांजर', एक नुसतंच 'मी'. कोण कुठली, मला माहीत नाही, आणि मी शोधणारही नाही. एकीनं बहिणीच्या फोनवरून लिहिलंय — "खाला, त्या दिवशी पाठ फिरवली. गोळ्या मिळाल्या. बहिणीकडेच ठेवते."

वाचून भाकरी गोड लागली.

ताहेर माझ्याशी बोलत नाही. जेवायला येतो, ताटाकडे बघतो, जातो. जाताना म्हणाला, "कुणाशी बोलतेस ते कळेल मला."

"कळलं तर मलाही सांग," मी म्हटलं. "मला कुठे माहितीय!"

१ मार्च, शुक्रवार

ताहेर आत्ताच जुम्म्याच्या नमाजला गेला. फोन वाजला. नाव — 'मीठ'.

"खाला, मी वरच्या मजल्यावरून लिहितेय. त्यांनी जाताना बाहेरून कडी लावलीय. खाली तुमच्याजवळ नसले, की नेहमीच लावतात."

फक्त एवढंच लिहिलं, "येते, पोरी." आणि चपला न घालता जिना चढायला निघाले.