क्रीडा महोत्सव, १९८६

३ फेब्रुवारी
विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहाचा तालुका समन्वयक म्हणून माझी निवड! दुसरं कुणी तयारच नव्हतं म्हणे. स्टाफरूमचा मत्सर. संकल्प: महिन्यात दोन हजार फोटो. इतिहास थेट जनतेकडून.

११ फेब्रुवारी
फोटो आले तीन. दोन लग्नाचे, एक म्हशीचा. सुरुवात आश्वासक.

१४ फेब्रुवारी
तेलगावच्या जरीनाबाई फळांचा गाडा सोडून आल्या. फोटो आणला. १९८६, आमच्याच कॉलेजची विद्यार्थी निवडणूक. विरोधी गटाचे मुंजाजीनाना हॉकी स्टिक उगारून उभे, पायाशी बाईंचा भाऊ दस्तगीर, उमेदवार. तोंडभर रक्त. डावा डोळा तेव्हाच गेला. बाई म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली सर. कुनी लिवलं न्हाई. तुमी लिवा." शब्द दिला. इतिहासाशी तडजोड नाही!

१५ फेब्रुवारी
फोटो संग्रहात चढवताच नानांचा फोन. नाना आता आमच्या संस्थेचे संचालक. तडजोड अजिबात नाही. फक्त फोटोखालची ओळ बदलली: 'क्रीडा महोत्सव, १९८६'.

२० फेब्रुवारी
उद्या तेलगावात स्कॅनिंग कॅम्प. दोन्ही बाजूंना बोलावलंय. माझं भाषण ऐकून दोघं गळ्यात पडतील.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
डाव्या हाताने लिहितोय.
फोटो पडद्यावर आला. दस्तगीर उठला. शांतपणे म्हणाला, "सर, ह्यो कंचा खेळ होता? नियम सांगा की."
नानांचा पुतण्या उत्तरेश्वर ओरडला, "खाली बस बे काण्या!"
दस्तगीर बसला नाही. उत्तरेश्वरने लोखंडी खुर्ची त्याच्या डोक्यात घातली. आवाज नारळ फोडल्यासारखा. पडलेल्याला तिघांनी लाथा घातल्या. जरीनाबाईंनी एकाचा दंड चावून सोलला. स्कॅनर भिंतीवर फुटला. नाना बशीत चहा ओतून पीत होते.
मी पुराव्यांच्या रक्षणासाठी टेबलाखाली गेलो. कुणाचा तरी बूट मनगटावर पडला. हाड मोडलं.
लोकसहभाग मात्र उत्तम.

२३ फेब्रुवारी, सकाळी
अंबाजोगाई, दवाखाना. पोलीस जबाबाला आले. मी सांगितलं, पायरीवरून घसरलो. संस्थेचं नाव जपायला नको?
शेजारच्या कॉटवर दस्तगीर. डोक्याला एकोणीस टाके. त्याने एकेक नाव घेतलं, उत्तरेश्वरपासून नानांपर्यंत. पोलिसांनी विचारलं, साक्षीदार कोण?
दस्तगीर माझ्याकडे वळला. "सर, तुमी व्हता ना तिथं?"
जरीनाबाईही बघत होत्या.
मी डोळे मिटले. डॉक्टरांनी झोप सांगितलीच आहे.