सिंहपुच्छ माकडाची मादी आणि माझा जबाब

३ जून, बुधवार
काल ट्रिपवरून परत. बऱ्हाणपूर नुसतं तापलंय. दिवसभर कपडे धुणं. ऋचानं दक्षिणेचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. जसोंडीहून जाऊबाईंचा लगेच फोन. "त्या काळ्या माकडाला सिंहासारखी आयाळ आहे गं! कुठं दिसलं?" घाटात, म्हटलं. पुढचं बोलले नाही.

४ जून
लिहूनच टाकते. इथे तरी.
चहाच्या मळ्यांतून रस्ता, वर उंच, ओलं, दाट जंगल. गाडीचा ड्रायव्हर मुरुगन, त्यानं ब्रेक मारला. "मॅडम, रेअर मंकी." काळंभोर अंग, तोंडाभोवती पांढुरकी आयाळ, शेपटीला गोंडा. सिंहपुच्छ माकड. वीस वर्षं वर्गात सांगतेय की हे झाडांवरच राहणारं, फक्त आपल्याच देशात, जंगलाचे तुकडे पडले म्हणून आता रस्त्यावर उतरतं. सगळं पाठ. आणि तरी पिशवीत हात घातला. आमच्या बागेतली केळी होती, शेवटची फणी. ह्यांना म्हटलं, व्हिडिओ काढा.
खाकी शर्टातली एक बाई शिट्टी वाजवत पळत आली. सेल्वी, जंगलखात्याची रोजंदारीवरची राखणदार. दोन्ही हात हलवून नको, नको. मी "एकच" म्हणून बोट दाखवलं आणि केळं फेकलं. पडलं रस्त्याच्या मधोमध. मादी उतरली. वळणावरून जीप आली.
पिल्लू कडेच्या झाडावर होतं. तिथूनच ओरडत राहिलं.
सेल्वी मेलेल्या मादीजवळ रस्त्यावरच बसली.

५ जून
काल अर्धवट सोडलं. खरी गोष्ट पुढे आहे.
जंगलखात्याचे साहेब आले. हिंदी चांगलं बोलत होते. "केला किसने फेंका?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पता नहीं सर, पहले से पड़ा था."
"वॉचर ने रोका नहीं?"
"यहाँ कोई नहीं था सर. ये बाद में आई."
ती होती म्हटलं असतं, तर तिनं काय पाहिलं हेही विचारलं असतं. म्हणून. साहेबांनी विचारलं, काय करता? शिक्षिका, सायन्स. त्यांनी मान डोलवली आणि लिहून घेतलं.
सेल्वीला हिंदी येत नाही. मी बोलत होते तेव्हा ती बाजूला उभी राहून मान हलवत होती. तिला वाटलं, मी खरं सांगतेय.

९ जून
मुरुगनचा व्हॉइस मेसेज. "मॅडम, सेल्वी अक्का का काम गया. साहब बोला, ड्यूटी पे नहीं था, उसका बात नहीं माना. मैं भी चुप रहा, परमिट का डर. आप बोलो ना मॅडम."
ह्यांना ऐकवला. "डिलीट कर ना. तिथलं तिथेच राहू दे."
डिलीट केला नाही. उत्तरही दिलं नाही.

१३ जून
ऋचा त्या दिवशी मागच्या सीटवर झोपली होती. आज रील बनवायला बसली. "मम्मी, या व्हिडिओत शिट्टी कोण वाजवतंय? तू तर म्हणालीस तिथं कोणी नव्हतं."
मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. तिनं व्हिडिओ पुन्हा लावला, त्यात माझाच आवाज. तिला कळलं. रील केली नाही. जेवायला बसलीच नाही.

१६ जून
शाळा सुरू. आमच्या मुख्याध्यापिका, बडी मॅडम, म्हणाल्या, "पाटील मॅडम, सातवीला तुमच्या माकडाचं सांगा, प्रत्यक्ष बघून आलात." फळ्यावर चित्र काढलं. आयाळ जमली. जंगलतोड, रस्ते, गाड्या, सगळं सांगितलं. पर्यटक खायला घालतात हेही, "काही लोक" म्हणून.
दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमच्यासमोर कोणी घातलं तर तुम्ही रोकलं का?"
हो, म्हणाले.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.

१८ जून
जंगलखात्याच्या साहेबांना पत्र लिहिलं. हिंदीत एक, ऋचानं इंग्रजी केलं. केळं मी फेकलं, बाई हजर होती, तिनं अडवलं, मी ऐकलं नाही. सोबत पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ.
हे ताटावरून उठले. "नोकरी जाईल तुझी. कोर्टाचे चक्कर लागतील. आणि व्हिडिओ काढणारा मी, मलाही बोलावतील, समजतं का?" भीती खरी आहे त्यांची. माझीही. तरी शनवाऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढल्या, पोस्टात रजिस्टर केलं. पावती हातात आल्यावर हलकं वाटेल वाटलं होतं. काही नाही वाटलं.

२४ जून
जंगलखात्याच्या ऑफिसातून फोन. स्वतः येऊन जबाब द्यावा लागेल. विचारलं, सेल्वीला परत घेणार का? "वो अलग मामला है. पहले आप आइए."
मुरुगननं तिच्याशी फोन जोडून दिला. मी माफी मागितली, त्यानं तमिळमध्ये सांगितली. पलीकडे कुठलंतरी मशीन चालू होतं, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मी पिल्लाचं विचारलं. त्यावर दोन शब्द बोलली. मुरुगन म्हणाला, "टोली आगे चला गया. छोटा वाला दिखता नहीं."
तिनं फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

२६ जून, शुक्रवार
परवाची गाडी आहे. ऋचा येतेय. हे अजून हो-नाही काही म्हणत नाहीत, पण सकाळी माझी बॅग माळ्यावरून काढून पलंगावर ठेवलेली दिसली.
सुट्टीचा अर्ज दिला. कारणाच्या ओळीत सगळं लिहिलं. बडी मॅडमनी दोनदा वाचला, चष्मा काढला.
"घरगुती काम लिहा ना. हे वर गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."
"नाही लिहीत, मॅडम."
"मग उद्या बघू."
सही केली नाही. कागद मात्र परतही दिला नाही, त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्या सही झाली नाही तरी परवा मी गाडीत बसणार.