खिडकीतली हजेरी

३ फेब्रुवारी
आले एकदाची! तिसरा मजला, दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीला ही एवढी मोठी खिडकी. एकेचाळीस वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये काढली, तिथे खिडकी उघडली की समोर धोबीघराचं धुराडं. इथे खाली फरसबंद चौक, मधोमध एक बाक आणि पलीकडे आमच्यासारखीच दुसरी विंग. लेक म्हणाली, आता पूल ओलांडला की पंधरा मिनिटांत मी तुझ्या दारात. जावई सामान चढवून घामाघूम झाले होते, पण ‘छे हो, काहीच नाही’ म्हणत राहिले. मी मुकाट्याने त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजली. एकशे चोवीस. लेक खो खो हसली. एकाहत्तराव्या वर्षी सवयी कसल्या सुटतात! ही वहीही त्यातलीच. वॉर्डचा रिपोर्ट लिहिल्याशिवाय ड्यूटी संपली असं वाटत नाही.

१२ फेब्रुवारी
शेजार चांगला आहे. भिंतीपलीकडे शिवणवाल्या बाई राहतात, एकट्याच. दिवसभर मशीन चालू. आमची बेडरूमची भिंत एकच, त्यामुळे दुपारी पडले की घरघर ऐकू येते. त्यांनी तीनदा विचारलं, ताई, त्रास नाही ना होत? म्हटलं, अहो, बेचाळीस खाटांच्या वॉर्डात झोप काढलेली बाई मी, मला शांततेचाच त्रास होतो.
समोरच्या विंगमध्ये, अगदी माझ्या खिडकीसमोर, एक रिटायर्ड ड्रिलमास्तर आहेत. बायको गेली, मुलं परदेशी. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. कुंड्यांना पाणी घालतानासुद्धा ताठ उभे. मला चौकापलीकडून ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली. इथे आल्यावर कुणी सिस्टर म्हणेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटलं.

९ मार्च
साथीच्या बातम्या. लेक रोज फोनवर ताकीद देते, बाहेर पडू नकोस. तिला हात कसे धुवायचे ते मीच शिकवलं, आणि आता ती मला शिकवते!

२७ मार्च
सगळं बंद. शिवणवाल्या बाई मास्क शिवतायत. दारावर सहा अडकवून गेल्या आणि जिन्यावरूनच ओरडल्या, धुऊन वापरा हं ताई. फडकं सुती, शिवण अगदी बारीक. मी बंद दाराआडून थँक्यू म्हटलं. तेवढंच काय ते बोलणं आजचं.

९ एप्रिल
पुलापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलने फाटक लावून घेतलं. आत गेलेल्या माणसांचं काय झालं ते नातेवाइकांना कुणी सांगेना. जमाव जमला, दगडफेक झाली, दोन अँब्युलन्स पेटवल्या. कुणीही पेटवल्या असोत, अँब्युलन्स जळताना बघून मी टीव्हीच बंद केला. संध्याकाळपासून संचारबंदी. पूल बंद. फोनला रेंज नाही. लेकीशी शेवटचं बोलणं अर्धवट राहिलं. ती कुकरबद्दल काहीतरी सांगत होती.

१२ एप्रिल
मास्तरांनी झकास युक्ती काढली. आमच्या विंगमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या नऊ खिडक्या त्यांना समोर दिसतात. रोज सकाळी दहाला ते शिट्टी फुंकणार, आम्ही खिडकीत येऊन हात हलवायचा, ते वहीत खूण करणार. जी खिडकी रिकामी दिसेल तिचा नंबर ते फाटकावरच्या पोलिसाला देणार, आणि मग नगरपालिकेची माणसं वर येऊन बघणार. रिकामी नसेल तर कुणी येणार नाही, कारण माणसंच तेवढी उरलेली नाहीत.
शाळेच्या मैदानावरचा त्यांचा भोंगा अजून जपून ठेवलाय. त्यातून प्रत्येकाला एखादा शब्द बोलतात. मला म्हणाले, “सिस्टर, हात सरळ! कोपरात वाकवू नका!”
दिवसभर हसू येत होतं.

२६ एप्रिल
मशीन वाजत नाही. आज सहावा दिवस. भिंतीवर थापटलं, उत्तर नाही. आमच्या खिडक्या एकाच भिंतीत, त्यामुळे मला त्यांची खिडकी दिसत नाही. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मास्तरांना दाखवलं: शेजारच्या बाई ठीक आहेत?
भोंग्यातून उत्तर आलं, “एकदम ठणठणीत! रोज हात करतात. आता तर थांबतच नाहीत, मी आत गेलो तरी चालूच!”
मग दोरा संपला असेल. पण जिन्यात वास येतोय. तो वास मला चांगला ठाऊक आहे. उंदीर मेला असेल, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

२८ एप्रिल
उंदीर नव्हता.
मी कागदावर लिहूनच टाकलं, दार फोडायला लावा. मास्तर नाखूश होते, म्हणाले, आत्ताच तर हात केला त्यांनी. तरी पोलिसाला सांगितलं. दुपारी पांढऱ्या पोशाखातली दोघं आली. मी दाराच्या भोकातून बघत होते. बाई मागच्या खोलीत खाटेवर होत्या. मी दाराआडून विचारलं, किती दिवस झाले? त्यातला एक म्हणाला, आठ तरी, आजी.
आठ. म्हणजे मशीन बंद पडलं त्याच दिवसापासून. आणि मास्तरांच्या वहीत आठही खुणा आहेत. त्यांनी मला वही उघडून काचेला लावून दाखवली. एवढ्या लांबून खुणा दिसत नव्हत्या, पण ते एकेका खुणेवर बोट ठेवत होते.
नवीन नर्सेसना मी नेहमी झापायचे. दारातूनच खाटा मोजून तक्ते भरायच्या त्या. जवळ जाऊन बघा, म्हणायचे. मी स्वतः किती जवळ होते? एक भिंत.

३ मे
ताप १०१. नाडी ९६. बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९३. घसा पूर्ण बसलाय, आवाज म्हणून निघत नाही. खिडकीत उभी राहिले, हात केला, परत आडवी.

६ मे
दोन दिवस वही नाही. ४ आणि ५ तारखेला उठताच आलं नाही. शिट्टी ऐकू आली होती, दोन्ही दिवस. वाटलं, खिडकी रिकामी बघून कुणीतरी येईल. कुणी आलं नाही. आज ताप उतरला, भिंत धरत खिडकीशी गेले.
मास्तर खुशीत होते. “सिस्टर, आज जरा थकलेल्या दिसता! काल-परवा तर काय जोर होता! हात खालीच घेत नव्हता!”
मी खिडकीची कड घट्ट धरून उभी राहिले. मग कागद घेतला, लिहिलं: दोन दिवस मी अंथरुणात होते.
त्यांनी वाचलं. भोंगा खाली केला.

७ मे
मास्तर डोकं लढवणारा माणूस. म्हणाले, गाडी बोलावतो. मी नकारार्थी मान हलवली. जो उभा राहू शकतो त्याला गाडीत घेत नाहीत, आणि मी तर उभीच होते. मग म्हणाले, उद्यापासून मी एक आकडा सांगणार, तुम्ही तो लिहून दाखवायचा. आकडा दिसला तरच खूण. नुसत्या हातावर नाही.
बाकीच्या खिडक्यांचं काय, असं मी लिहिलं. ते वही मिटून आत गेले.

१० मे
एकोणतीस. काल चौदा, परवा साठ. आकडा लिहिते, धरते, “बरोबर!” ऐकते. लहानपणी पाढे म्हणून दाखवल्यावर व्हायचा तसा आनंद होतो. दिवसभरात माझ्याशी कुणी बोलतं ते एवढंच.
मास्तर आज मध्येच खोकले. कोरडा खोकला. मला तो आवाज आवडला नाही.

१२ मे
ताप परत. १०२. ऑक्सिजन ८९. पाय धरत नाहीत. खाटेवरून शिट्टी ऐकली. मास्तर ओरडले, “सत्तेचाळीस!”
मी हलले नाही. हलूच शकले नाही. म्हटलं, आता आकडा दिसणार नाही, आता तरी कुणीतरी येईल.
थोडा वेळ काहीच नाही. मग —
“बरोबर!”

१३ मे
बेडरूमच्या दारातून पुढची खोली दिसते. उशी वळवून बघत राहिले. शिट्टी झाली तेव्हा खिडकीत कुणीतरी उभं होतं. कुठून आलं ते दिसलं नाही. आधी नव्हतं, मग होतं.
माझाच गाऊन. पाठ माझ्याकडे. माझी पाठ मी आयुष्यात कधी बघितली नव्हती. डोक्यावर मागे केस इतके विरळ झालेत, हे मला कुणी सांगितलंच नाही.
एका हातात कागद. दुसरा हात हलतोय. कोपर सरळ.
मास्तर शाबास म्हणाले. आत गेले. हात चालूच राहिला. सव्वाअकरापर्यंत मी मोजत होते, मग —

१४ मे
एक मार्ग सुचला. पडदा. पडदा लावला तर खिडकी रिकामी दिसेल. सकाळी कोपरांवर सरकत गेले. खुर्ची धरून उठले, पडदा ओढला. खाटेपर्यंत परत यायला अर्धा तास लागला. शिट्टी.
मास्तर, आवाज पार बसलेला — “सिस्टर, पडदा का —”
पडद्याच्या कड्या सरकल्या. एकेक करून. मला ऐकू आल्या.
“हां. दिसलात.”

१५ मे
शिट्टी अगदी बारीक. आकडा नाही. नुसता खोकला, मग काहीतरी पडल्याचा आवाज, समोरून.
मास्तरांकडे कोण बघतं? नऊ खिडक्यांवर ते. त्यांच्या खिडकीवर कुणी नाही. हे मला सुचायला हवं होतं. मी सिस्टर होते.
ऑक्सिजन ८४.

१६ मे
शिट्टी नाही.
खिडकीतली ती मात्र आली. दहाला. तिला शिट्टी लागत नाही.
एकदाही मागे वळून बघत नाही. मी तिला म्हटलं — ओठांनीच, आवाज नाही — म्हटलं, जरा बाजूला हो गं. फक्त एक दिवस.

१७ मे
८१. अक्षर वाकडं येतंय.
खाली फाटक वाजलं.
लेक!
तिचाच आवाज. चौकातून. पोलिसाशी वाद घालतेय — फक्त दहा मिनिटांचा पास मिळालाय, विंगला सील आहे, वर सोडत नाहीत. ती म्हणते, एकदा आईला बघू द्या, मग जाते.
देवा, बघू नकोस. वर ये. सील तोड.
“आई! आई गं!”
रडतेय. हसतेय. म्हणते, किती काळजी केली मी — बरी आहेस ना — किती छान दिसतेयस —
ग्लास फेकला. दारापर्यंतसुद्धा गेला नाही. आवाज निघत नाही. उठतेय —
नाही जमत.
ती पोलिसाला सांगतेय, बघा, माझी आई, नर्स होती, एकटी राहिली पण बघा कशी खंबीर. म्हणते, समोरचे काकासुद्धा बघा कसे हात करतायत, किती चांगली माणसं आहेत इथे, मला उगाच —
पोलीस वेळ झाली म्हणतोय.
“येते मी, पुढच्या आठवड्यात परत पास काढते! आई, पुरे आता, हात खाली घे, दुखेल —”
मी इथे आहे. बाळा, मागच्या खोलीत, मी इथे —
फाटक