पान कोणी मिटलं

प्रिय शाल्मली,

गुरुवारी त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे मी येणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू घाईने वाचणार नाहीस. आणि जयनगरचं घर बंद करून मला तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक सिटीला हलवायचा जो बेत तू आणि अवधूत, दोघा भावंडांनी माझ्या पाठीमागे शिजवलाय, तोही तूर्त झाकून ठेवा.

माझा गुन्हा काय, तर रविवारी तू घरबसल्या माझ्या संगणकात शिरतेस तेव्हा माझ्याकडून पानं बंद होतात. कधी पेन्शनचा अर्ज असतो, कधी घरपट्टीचा. अर्ज भरत आलेला असतो, तुझ्या हुकमाने माझा बाण पडद्यावर पळत असतो, आणि मध्येच पान नाहीसं. पाठोपाठ फोनवर तुझा आवाज, दूधपित्या बाळाशी बोलावं तसा. परत पहिल्यापासून नाव, गाव, जन्मतारीख. तुला कंटाळा येतो हे मला ऐकू येतं, बाई. मेट्रो आता आर. व्ही. रोडवरून निघून थेट तुमच्या दारात पोहोचते, तरी माझ्या घरी तू येतेस ती बाण होऊन.

वर तू मला कळांचे शॉर्टकट समजावतेस. मला! बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावायच्या. पुढे जन्मभर साहेबांची पत्रं मी त्यांच्याकडे बघत टाइप केली, कळांकडे नाही. माऊस ही माझ्या मते आळशांची सोय आहे. कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबलं की पान मिटतं, हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच अर्ज भरताना माझं बोट तिकडे फिरकत नाही. हे मी तुला सांगितलं होतं. तू ‘‘हो गं आई’’ म्हणालीस. तुझं ते ‘‘हो गं’’ मला चांगलं कळतं.

मग अवरेकाईचा तो रविवार आला. गंगव्वाने बाजारातून पिशवीभर वालाच्या शेंगा आणल्या होत्या. तुझ्याकडे काहीतरी उघडायला वेळ लागत होता, तू मला कशालाही हात लावू नकोस म्हणालीस, म्हणून मी परात मांडीवर घेतली आणि भांडी आटोपून गंगव्वा समोर बसली. दोघी सोलत होतो. माझी बोटं शेंगांच्या तेलाने चिकट झाली होती. फोनमधून तुझ्या दोन कळा वाजल्या आणि माझ्या डोळ्यांसमोरचं पान गेलं.

‘‘आई, परत काय दाबलंस?’’

मी हातातल्या दाण्यांकडे बघत राहिले. गंगव्वा म्हणाली, अक्कांनी तर स्वल्पसुद्धा हात लावला नाही. पण ते ऐकायला तू नव्हतीस, तुझी मीटिंग सुरू झाली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी हात मांडीवर ठेवूनच बसले आणि कान दिले. तुझ्यासमोर दोन पडदे असतात. एकावर माझा संगणक, दुसऱ्यावर तुझं ऑफिस. माझं काम करता करता तू ऑफिसचं एखादं पान मिटायला जातेस. नजर तिकडे वळते, पण तिथे क्लिक करायचं राहून जातं, आणि मग तू दाबलेल्या कळा माझ्याकडे येतात. तुझं पान तसंच राहतं, माझं मिटतं. पुन्हा तेच झालं. पुन्हा तोच प्रश्न. मी ‘‘चुकून लागलं असेल’’ म्हटलं, कारण मला बघायचं होतं, तू एकदा तरी तुझ्या पडद्याकडे बघतेस का. नाही बघितलंस.

आता तू म्हणशील, मग फोन का नाही केला, पत्र कशाला. तर ऐक. त्या शेंगांच्या आधीचे कितीतरी रविवार मी तुझं खरं मानलं होतं. मला वाटायचं, दाबलंच असेल मी. गॅस बंद केला का, हे बघायला जिन्यातून परत यायचे. गंगव्वाला गोष्ट सांगता सांगता थांबायचे, ही काल सांगितली की काय. सकाळी उठले की कॉन्व्हेंटमधल्या माझ्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीपटासारखी म्हणायचे, आणि एखादं अडलं की दिवसभर तेच शोधत बसायचे. पान कोणी मिटलं ते मला कळलं, पण ती भीती अजून गेलेली नाही. गुरुवारची वेळ तूच रद्द कर, आणि अवधूतला काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. फोनवर बोलताना एखादा शब्द मला आठवला नसता, तर तू तो मनात टिपून ठेवला असतास. या पत्रातही मी पुष्कळ ठिकाणी थांबले आहे. कुठे, ते तुला दिसणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई