बाईंची हजेरी

प्रिय निनाद,

तुझी आई गेली हे काल मी फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "कॅनडाहून एवढ्यात तिकीट मिळणार नाही, तुम्हीच उरकून घ्या." आम्ही वर्गातले चौघं विश्रामघाटाच्या स्मशानात गेलो. पंडितजींनी विचारलं, "बेटा कहाँ है?" अग्नी मी दिला.

शिवाजी नगरच्या आपल्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या. तू त्यांचा मुलगा, तरी वर्गात तुलाही त्यांना 'बाई'च म्हणावं लागे. एकदा चुकून 'आई' म्हणालास, तर तासभर बाकावर उभं केलं होतं तुला. आम्ही किती हसलो होतो!

गेल्या वर्षभरात त्या सगळं विसरल्या. मी संध्याकाळी शाहपुऱ्याला त्यांच्या घरी जायची, तेव्हा त्या पलंगावर बसून आपल्या दहावीची हजेरी घेत असायच्या. मी प्रत्येकाच्या वतीने 'हजर' म्हणायची. तुझ्या नावाला मात्र गप्प राहायची, आणि त्या दाराकडे बघत थांबायच्या.

परवा त्यांनी तुझं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. मला राहवेना. मी म्हणाले, "हजर, बाई."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "शाळा सुटली रे. आता आई म्हण."

मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू मला 'थँक्यू' म्हणशील, आणि ते माझ्याच्याने ऐकवणार नाही.

तुझ्याच वर्गातली,
वैजयंती